धुक्याच्या रंगाचं खोकं

कावालू, तासिकमलाया
१४ जानेवारी २०२३

नेंग रेस्ती,

अस्सलामु अलैकुम. तुझं पत्र आणि त्यातला चहाच्या पुड्याचा कागद पोचला. लगेच वहीत चिकटवला. शेजारच्या बु तितीन म्हणाल्या, "इमास, तुझी बहीण बांदुंगला एवढी शिकली आणि तुला कचरा पाठवते?" म्हटलं, हो, अकरा वर्षं पाठवते आहे, तुमच्या घरातला असेल तर तोही द्या.

आता माझा शोध ऐक. शुक्रवारच्या बाजारात एका पोरीच्या टेबलावर एक खोकं दिसलं. सहा बाजूंचं, पहाटे डोंगरावर धुकं असतं ना, त्या रंगाचं. ना चकाकी, ना सोनेरी अक्षरं. वरचं टोक हलकेच फिरवलं की सहा पाकळ्या एकदम उघडतात आणि मधे काचेची डबी. मी तिथेच उभी राहून चार वेळा उघडलं-मिटलं. ती पोरगी म्हणाली, "बु, घ्यायचं तर घ्या, नाहीतर पाकळ्या झडतील." घेतलं. नावही 'हालिमुन', धुकंच. चेहरा उजळायचं क्रीम.

आणि पाकळ्यांच्या आतून, पांढऱ्यावर पांढरी उठावाची नक्षी आहे. लवंगेच्या कळ्यांची वेल. नेंग, अंगावर काटा आला. मी वेल काढते ती अगदी अशीच, शेवटची कळी मागे वळलेली. म्हणजे या जगात माझ्यासारखा हात असलेली दुसरी कुणीतरी आहे! एक पाकळी कापून सोबत पाठवते.

बाकी ठीक. माझ्या अयुनीचं लग्न लेबारानची ईद झाल्यावर करायचं ठरलं. पोरगा, इर्वान, चांगला आहे. त्याची आई मात्र परवा सगळ्यांसमोर म्हणाली, "मुलगी गुणाची आहे हो, पण उन्हात वाळत घालून विसरल्यासारखी दिसते." अयुनी हसली. नंतर मोरीत बराच वेळ पाणी वाहत होतं. मला त्या घराची भीती वाटते, खरं सांगते.

तुझी थोरली बहीण, तेतेह,
इमास


बांदुंग
१९ जानेवारी २०२३

तेतेह,

पाकळी मिळाली. तुला ते खोकं इतकं आवडलं हे वाचून काय वाटलं ते मला नीट लिहिता येत नाहीये.

माझा शोध असा: तांदळाच्या जुन्या कोठारात एक प्रदर्शन लागलंय. एका बाईने कॉफीच्या रिकाम्या पुड्या शिवून पायघोळ कोट केलाय. लांबून राजाचा वाटतो, जवळ गेलं की पुड्यांवरच्या जाहिराती वाचता येतात. तो कोट अंगात घालून तिथे उभी कोण, तर गल्लीत भजी विकणारी सत्तर वर्षांची आजी. लोक फोटो काढत होते आणि ती म्हणत होती, "लवकर काढा, तेल तापलंय." तिचा फोटो ठेवलाय.

तेतेह, एक ऐक. खोकं वहीत ठेव, पण ते क्रीम वापरू नकोस. नवीन कंपनी आहे, कुणी पाहिलंय आत काय घालतात ते. टाकून दे. आणि अयुनीला सांग, ती आहे तशीच छान दिसते.

रेस्ती


कावालू
११ फेब्रुवारी २०२३

नेंग,

तुम्ही चित्रकार लोक अजबच. साल ठेव आणि फळ फेक म्हणे! क्रीम मी कशाला लावू, माझं आता काय उजळायचंय. ते अयुनीने पहिल्या दिवशीच उचललं होतं. आणि आता पोरीला बघशील तर ओळखणार नाहीस. तीन आठवड्यांत दिवा लागल्यासारखा चेहरा झालाय. होणाऱ्या सासूबाई आल्या होत्या, हनुवटी धरून उजेडाकडे फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "आता शोभते." मला त्यांचा हात झटकावासा वाटला, पण पोरगी खूश होती.

आता आपल्या भरतकामाच्या शेडमधल्या सातही जणींना तेच हवंय. मी एकदम दोन डझन मागवली. खरं सांगू, निम्मी हौस मला खोक्यांचीच. खिडकीत ओळीने मांडली तर शेडचं दुकान वाटायला लागलं.

सोबत पाठवलेला कापडाचा तुकडा हा या वेळचा शोध समज. अयुनी स्वतःच्या लग्नाच्या ओढणीवर वेल काढतेय, त्याचा नमुना. नीट बघ, रेघ कशी थरथरत गेलीय. मी रागावले. म्हटलं, बारा वर्षांची होतीस तेव्हा याहून सरळ काढायचीस. तर म्हणते, "आई, हल्ली असंच चालतं, वाकडी रेघ म्हणजे फॅशन." तुझ्या त्या प्रदर्शनात चालेल का गं असलं? मला तर लग्नाची धडधड वाटते. झोपतही नाही, उगाच चिडते, काल कात्री सापडली नाही म्हणून रडली.

भजीवाल्या आजीचा फोटो फार आवडला.

इमास


बांदुंग
१३ फेब्रुवारी २०२३

तेतेह,

हे पत्र तासिकच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे, म्हणजे आजच मिळेल.

तुकडा बघितला. परत परत बघितला. ती फॅशन नाही. तिला हात पुढे धरायला सांग आणि बोटं हलतात का बघ. तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव येते का विचार. पाय सुजलेत का? मी एका मासिकात वाचलंय, असल्या काही क्रीमांत वाईट गोष्टी असतात. ते बंद कर. अयुनीचं, शेडमधल्या सगळ्यांचं. आजच. खिडकीतली खोकी काढून टाक.

मी सांगितलं असं कुणाला सांगू नकोस. विकणाऱ्या पोरीला तर मुळीच नको.

फोन का करत नाही म्हणशील. फोनवर तू माझा आवाज ओळखतेस.

रेस्ती


कावालू
२० फेब्रुवारी २०२३

रेस्ती,

तुझं पत्र वाचून मला राग आला, म्हणून आठवडाभर उत्तर लिहिलं नाही. मासिकात काय वाटेल ते छापतात. बु तितीन म्हणाल्या, "शहरातल्या बायकांना गावातलं कुणी गोरं झालेलं बघवत नाही." मी त्यांना गप्प केलं, पण मनात आलं, तुला खरंच काय झालंय? एवढ्या सुंदर वस्तूवर एवढा राग?

पण आता राग राहिलेला नाही. आता मला नुसती भीती वाटते, आणि ही गोष्ट मी तुझ्याशिवाय कुणाशी बोलू शकत नाही.

अयुनीचे पाय सुजलेत. मी बघितले नव्हते, ती घरातही मोजे घालून फिरते. काल नमाजाआधी हात-पाय धुताना दिसले. घोट्यात बोट रुतलं तर खड्डा राहतो. सकाळी चेहरा फुगलेला, डोळे बारीक झालेले. जेवत नाही, ओकाऱ्या काढते. परवा सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इमास, लग्न अलीकडे घ्यायचं का? म्हणजे नंतर मोजायला नको."

मला कळलं त्या काय म्हणतायत ते. रेस्ती, माझी पोर तसली नाही. पण मला विचारायचा धीर होत नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली तर? नाही म्हणाली आणि मी विश्वास नाही ठेवला तर? रात्रंदिवस तिच्या पोटाकडे बघते आणि माझीच मला लाज वाटते.

तू लहान असताना तुझ्या तापात मी जागले आहे. आता तू मला सांग, मी काय करू?

इमास


बांदुंग
२२ फेब्रुवारी २०२३

तेतेह,

अयुनी पोटुशी नाही. तिच्या अंगात पारा गेलाय. आत्ता, हे पत्र हातात असतानाच, तिला मोठ्या इस्पितळात ने. क्रीमची डबी बरोबर घे. डॉक्टरांना सांग, लघवी तपासा, मूत्रपिंडं तपासा, रक्तातला पारा तपासा. ड्रायव्हर निघाला की मी फोनही करणार आहे. आवाज ओळखलास तर ओळख.

आता खरं लिहिते. थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

ते खोकं माझं आहे. मी केलंय. वेलही तुझीच आहे. गेल्या लेबारानला तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा मी तुझ्या वहीतून ती उतरवून घेतली. तुला विचारलं नाही, कारण तू हो म्हणाली असतीस आणि मग सगळ्यांना सांगत सुटली असतीस, आणि मला ती माझी म्हणून दाखवायची होती. तू लिहिलंस ना, जगात माझ्यासारखा हात असलेली दुसरी कुणी आहे, ते वाचून मी पत्र उलटं ठेवलं होतं.

एवढंच असतं तर बरं होतं.

खोक्याच्या तळाशी सरकारी नोंदणीचा क्रमांक असतो. कच्च्या नमुन्यात ती जागा मोकळी दिसत होती, म्हणून मी मनाने एक क्रमांक टाकला. खरा आला की बदलायचा म्हणून. छापून आलं तेव्हा बघते तर तोच! कंपनीच्या बु वेरांना विचारलं. त्या हसल्या. "अर्ज दिलाय, येतोच आहे. तोवर तुझाच राहू दे, छान दिसतो." हे डिसेंबरातलं. मी गप्प बसले. खोकं डिझाइनच्या स्पर्धेत गेलं होतं, निकाल यायचा होता.

जानेवारीत, तुझं खोक्याबद्दलचं पत्र यायच्या दोन दिवस आधी, मी त्यांच्या गोदामात गेले. मला वाटलं होतं पांढऱ्या कोटातली माणसं असतील. तिथे निळे पिंप होते, वर काही लिहिलेलं नाही. एक मुलगी भिंतीला भोक पाडायच्या यंत्राला रवी लावून क्रीम घुसळत होती. हातात दोन-दोन मोजे, एकावर एक. मी बोटाने क्रीमचा पोत बघायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. "मॅडम, तुम्ही हात नका लावू." बाकी काही बोलली नाही. तिची नखं करडी होती.

म्हणजे तुला 'टाकून दे' लिहिलं तेव्हा मला माहीत होतं. पुरतं नाही, पण पुरेसं. 'का' ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर क्रमांक कुणी टाकला हेही लिहावं लागलं असतं. गेल्या आठवड्यात मी बु वेरांना म्हटलं, माल परत घ्या. त्या म्हणाल्या, "घेईन ना. आणि कुणी विचारलं तर सांगेन, क्रमांक या मुलीने बनवला. फाइल तुझ्या नावाची आहे, बाळ." त्यांनी मला बाळ म्हटलं, तेव्हापासून मला जेवण जात नाही.

तेतेह, मी भ्याले. तुझ्या पोरीपेक्षा मला माझी जास्त भीती वाटली. हेच खरं आहे.

जा. आधी इस्पितळात जा.

रेस्ती


कावालू
७ मार्च २०२३

रेस्ती,

तू फोनवर रडत होतीस तेव्हा मी एका हाताने अयुनीचे कपडे पिशवीत भरत होते.

बारा दिवस इस्पितळात होतो. काल घरी आणलं. लघवीला साबणासारखा फेस यायचा, तो आता कमी झालाय. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्याच वयाच्या. त्यांनी डबी हातात घेतली, खोकं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. म्हणाल्या, "किती सुंदर आहे हो." मग तपासणीचा कागद आला आणि त्यांनी ते खोकं कपाटात ठेवून कुलूप लावलं. मूत्रपिंडं सावरतील बहुतेक, असं म्हणतात. बहुतेक. सहा महिने थांबायचं, बघायचं. मी पहिल्याच दिवशी आणलं असतं तर औषधं कमी लागली असती, हेही त्या म्हणाल्या. पहिला दिवस कुठला, हे मी त्यांना विचारलं नाही. तुझं जानेवारीतलं पत्र माझ्या पिशवीतच होतं.

शेडमधल्या सातही जणींना तपासून आणलं. दोघींच्या अंगात आहे, कमी आहे. एकीचं बाळ अंगावर पितं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तेह इमास, तुम्ही दिलं म्हणून लावलं." तुला सुनवायला मी जे लिहिणार होते, ते सगळं तिच्या त्या एका वाक्यात मलाच मिळालं.

सासूबाईंकडे मी स्वतः गेले. कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, मोजा आता काय मोजायचं ते. पोरगा रोज येतो, बाहेर ओट्यावर बसतो, अयुनी त्याला आत येऊ देत नाही.

वेलीचं म्हणशील, तर वेल मागितली असतीस तर मी अख्खी वही दिली असती. त्याचा राग एवढाच आहे. दुसऱ्या गोष्टीचा राग किती आहे ते मला अजून मोजता येत नाही.

तू इकडे यायचं म्हणत होतीस. येऊ नकोस. तुला बघून मी काय करीन, मला माहीत नाही, आणि मला स्वतःची भीती वाटते.

इमास


बांदुंग
१५ मार्च २०२३

तेतेह,

येऊ नको म्हणालीस, नाही येत.

हे फक्त कळवायला लिहिते. काल मी सरकारी कचेरीत गेले. बु वेरांचे संदेश, गोदामाचा पत्ता, माझा कच्चा नमुना, त्यातला माझा क्रमांक, सगळं टेबलावर ठेवलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "हे दिल्यावर तुमचंही नाव येईल, कळतंय ना?" मी हो म्हटलं. मग बाहेर येऊन पायरीवर बसले. एका शिपायाने पाणी आणून दिलं.

आज गोदामावर छापा पडला. पिंप सापडले. बु वेरा सापडल्या नाहीत. ती करड्या नखांची मुलगी सापडली. तिची तपासणी करणार आहेत असं ऐकलं, ते खरं असू दे.

माझ्या खोलीसमोर दोन दिवस एक मोटारसायकल उभी असते. तिच्यावरचा माणूस काही करत नाही, नुसता भाजलेले दाणे खातो आणि वर बघतो. घरमालकिणीने आज त्याला विचारलं, "कुणाकडे आलात?" तर म्हणाला, "डिझाइनवाल्या ताईंकडे. त्यांना म्हणावं, खोकं फार छान झालंय." ती कौतुकाने मला सांगायला वर आली. मी दाराला खुर्ची लावून बसले आहे. कचेरीतल्या बाईंना कळवलंय.

स्पर्धेतून मी नाव काढून घेतलं. हे तुला सांगून काही उपयोग नाही, तरी सांगितलं.

अयुनीची लघवी रोज तपासतेस ना?

रेस्ती


कावालू
३० मार्च २०२३

तांते रेस्ती,

मी अयुनी, तुमची भाची. आई रात्री तराविहच्या नमाजाला जाते तेव्हा थोडं थोडं लिहिते आहे, पहाटेच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देईन. अक्षर वाकडं आहे, माफ करा. पूर्वीपेक्षा बरं आहे.

सगळ्यांना वाटतं मला काही माहीत नव्हतं. आईला वाटतं चूक तिची, तुम्हाला वाटतं तुमची. मला हे ऐकवत नाही. कुणाला तरी सांगायला हवं.

मला माहीत होतं. फेब्रुवारीतलं तुमचं पत्र आईने रागाने टेबलावर टाकलं होतं, ते मी वाचलं. हात पुढे धरला, बोटं हलत होती. तोंडाला ती चव होतीच. पाय तर आधीच सुजले होते, म्हणून तर मोजे. पत्र जागेवर ठेवलं आणि आरशासमोर जाऊन पुन्हा लावलं. दिवसातून तीनदा लावत होते, ते चारदा केलं. मला वाटलं लग्नापर्यंत पुरेल, मग थांबवू.

तुम्हाला कसं सांगू. त्या बाई माझी हनुवटी धरून 'आता शोभते' म्हणाल्या ना, तेव्हा आईला राग आला. मला नाही आला. मला वाटलं, अजून म्हणा.

आता चेहरा पुन्हा पहिल्यासारखा होतोय. पहिल्याहून काळा, डागांचा. इर्वान बाहेरून ओरडतो, "मला काळी चालते गं, दार तर उघड!" सगळी गल्ली हसते. मलाही हसू येतं, पण दार उघडवत नाही.

आणि एक गोष्ट. आईने सगळी खोकी सरकारी माणसांना दिली. एक दिलं नाही, कारण ते तिला माहीत नाही. माझ्या कपाटात लग्नाच्या ओढणीच्या घडीत आहे, न वापरलेलं. रोज सकाळी तोंड धुतलं की माझा हात तिकडे जातो. काल पाकळ्या उघडल्या. डबीचं झाकण नाही उघडलं. उद्याचं मला सांगता येत नाही.

आईला सांगू शकत नाही. ती रोज माझ्या पायात बोट दाबून बघते आणि खड्डा पडला नाही की तिथेच बसून अल्लाचे आभार मानते. तिला हे कळलं तर ती मोडेल. मला ते फेकता येत नाही, दोनदा प्रयत्न केला.

तांते, मला मूत्रपिंडाची भीती वाटत नाही. त्या कपाटाची वाटते. तुम्ही येऊन घेऊन जाल का? तुम्हीच. दुसऱ्या कुणाला दिलं तर ते उघडून लावतील.

अयुनी


बांदुंग
३१ मार्च २०२३

तेतेह,

तू येऊ नको म्हणाली होतीस. मी उद्या, शनिवारी, पहिल्या गाडीने येते आहे. हे पत्र आजच्या ड्रायव्हरकडे दिलंय, म्हणजे माझ्याआधी तुला मिळेल आणि दार लावायचं असेल तर वेळ राहील.

का येते ते विचारू नकोस. या वेळी मी माझ्यासाठी काही लपवत नाहीये, एवढं मान. माफी मागायला येत नाही. रोजे आहेत, माझ्यासाठी काही करून ठेवू नकोस. माझ्याशी बोलू नकोस, बघूही नकोस. ओट्यावर इर्वानशेजारी बसवलंस तरी बसेन.

फक्त पाच मिनिटं मला अयुनीच्या खोलीत जाऊ दे, आणि तेवढा वेळ तू बाहेर थांब.

मला फार भीती वाटते आहे, तेतेह. तरी येते.

रेस्ती